सोळा पिनांचे सॉकेट आणि सुरू न होणारी गाडी

टेक्सासमधले फ्रिस्को हे गाव इंजिनाच्या पाण्यासाठी वसले. १९०२ मध्ये सेंट लुईस–सॅन फ्रान्सिस्को रेल्वेचा मार्ग या भागातून गेला, तेव्हा वाफेच्या इंजिनांना ठराविक अंतरावर थांबून पाणी भरावे लागे. जुनी वस्ती लेबनन इथे, प्रेस्टन रस्त्याच्या उंचवट्यावर होती. तिथे पाण्याची सोय नव्हती, म्हणून रेल्वेने पश्चिमेकडची सखल जागा निवडली आणि लेबननमधल्या काही लोकांनी आपली घरेसुद्धा ओंडक्यांवरून सरकवत नव्या स्टेशनाजवळ आणली. गावाचे नावही रेल्वेच्या बोलीतल्या नावावरून पडले. आज तिथल्या रेल्वे संग्रहालयात ‘बिग बॉय’ जातीचे ४०१८ क्रमांकाचे प्रचंड इंजिन उभे आहे. असे इंजिन बिघडले तर आग, पाणी, वाफ आणि दट्ट्या या साखळीत अडले कुठे हे कामगाराला बरेचसे डोळ्यांनी दिसे आणि कानांनी कळे. त्याच गावातल्या आजच्या गॅरेजात परिस्थिती उलटी आहे. कालच दुरुस्त होऊन आलेली मोटार सकाळी सुरू होत नाही, बॉनेट उघडले तर प्लॅस्टिकची झाकणे दिसतात, आणि मेकॅनिक आधी स्टिअरिंगखाली वाकून सोळा पिनांच्या सॉकेटात स्कॅनर खुपसतो. हे सॉकेट कुठून आले आणि कशासाठी आले, याचा इतिहास ठाऊक नसेल तर त्याच्याकडून नको त्या प्रश्नाचे उत्तर मागितले जाते. ते मोटारीच्या धुरावर नजर ठेवण्यासाठी जन्माला आले आहे. दुरुस्तीनंतर अडून बसलेल्या इंजिनाचे निदान आजही त्याच्याहून जुन्या पद्धतीनेच नीट होते, असे माझे म्हणणे आहे.

फ्रिस्को हे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. १९९० च्या जनगणनेत या गावाची लोकसंख्या ६,१३८ होती. २००० मध्ये ती ३३,७१४ झाली, २०१० मध्ये १,१६,९८९ आणि २०२० मध्ये २,००,५०९. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत हे प्रमाणित सॉकेट १९९६ पासून सक्तीचे झाले. म्हणजे फ्रिस्को शहर म्हणून वाढले ते सगळे या सॉकेटच्या राज्यात. डॅलसची सार्वजनिक वाहतूक चालवणाऱ्या ‘डार्ट’ या यंत्रणेत शेजारचे प्लेनो सामील आहे, फ्रिस्को नाही. त्यामुळे कचेरी, शाळा, किराणा, कार्यसिद्धी हनुमानाचे मंदिर, सगळीकडे जायचे ते स्वतःच्या गाडीने. इथे आलेली मराठी कुटुंबे बहुतेक संगणकाच्या नोकऱ्यांच्या निमित्ताने आली, आणि त्यांतल्या अनेकांचा मोटारीशी पहिला परिचय पुण्या-मुंबईत, मिस्त्रीच्या हाताखाली चालणाऱ्या गाड्यांशी झालेला होता. गाडीचे निदान करण्याच्या दोन परंपरा या एकाच पिढीने पाहिल्या आहेत. त्यांतली पहिली कालबाह्य झाली आणि दुसरीने तिची जागा घेतली, असे सरसकट समजले जाते. ते मला मान्य नाही.

पहिली परंपरा कशी तयार झाली ते आधी पाहू. मोटारीच्या सुरुवातीच्या काळात इंजिन सुरू करणे हेच जोखमीचे काम होते. पुढून हँडल घालून फिरवायचे. ठिणगी वेळेआधी पडली तर हँडल उलट फिरे आणि मनगट मोडे. १९०८ मध्ये आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत ठिणगीची वेळ मागेपुढे करणारी दांडी स्टिअरिंगपाशीच होती, त्यामुळे चालवणाऱ्यालाही इंजिनाच्या पोटातले थोडेफार कळावेच लागे. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग याने बनवलेला विजेवरचा स्टार्टर आला, ज्याला आपल्याकडे गॅरेजात सेल्फ म्हणतात. बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची ठिणगी पाडणारी त्याचीच रचना पुढे सुमारे साठ वर्षे जगभरच्या मोटारींत राहिली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेल्या फियाट ११०० मध्ये आणि नंतरच्या प्रीमियर पद्मिनीत तीच होती. मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांची मर्यादा संपून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. म्हणजे फ्रिस्कोतल्या गॅरेजांत फक्त स्कॅनरवर शिकलेली मेकॅनिकांची पिढी तयार होत होती, तेव्हाही मुंबईत पॉइंट घासून गाडी सुरू करणारे हात कामावर होते.

त्या हातांची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. काम करून घेतल्यावर गाडी उचलत नाही अशी तक्रार आली की अनुभवी मिस्त्रीचा पहिला प्रश्न ‘काय उघडले होते?’ हा असे. हेड उतरवून बसवले असेल तर प्लगच्या वायरी १-३-४-२ या क्रमाने लागल्या आहेत ना, ते तो आधी पाही. डिस्ट्रिब्युटर काढला असेल तर तो अर्ध्या फेऱ्याने उलटा बसलेला नाही ना, नवे पॉइंट घातले असतील तर त्यांची वायर कुठे पत्र्याला टेकून अर्थ होत नाही ना. मग एक प्लग काढून त्याच्याच वायरीला लावायचा, प्लगचा धातूचा भाग इंजिनाला टेकवून धरायचा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचे. निळी, टचटच आवाज करत उडणारी ठिणगी दिसली की करंटचा प्रश्न मिटला. पिवळट, मरतुकडी दिसली तर पॉइंट आणि कंडेन्सरकडे वळायचे. दिसलीच नाही तर कॉइलपर्यंत मागे मागे जायचे. ठिणगी बरोबर असेल तर पेट्रोल, ते पोहोचत असेल तर टायमिंग, आणि शेवटी कॉम्प्रेशन. कुठे चाचणी केली, तिने काय सिद्ध झाले आणि आता कोणता भाग शंकेतून वगळायचा, हे प्रत्येक पायरीवर स्पष्ट असे. शाळेत न गेलेल्या माणसाने वापरली म्हणून ही तर्कपद्धती कमी दर्जाची ठरत नाही.

अर्थात, जुना काळ सरसकट प्रामाणिक आणि कसबी होता असे कुणी मानू नये. याचा भक्कम पुरावा अमेरिकेतलाच आहे. १९४१ मध्ये ‘रीडर्स डायजेस्ट’ मासिकाच्या तपास पथकाने एका ठणठणीत मोटारीच्या कॉइलची एक वायर मुद्दाम सोडून ठेवली आणि देशभरातली ३४७ गॅरेजे पालथी घातली. त्यांतल्या ६३ टक्के गॅरेजांनी जादा पैसे लावले, न केलेल्या कामाचे बिल दिले किंवा नसलेला बिघाड सांगितला. या आकड्याकडे लबाडीचा पुरावा म्हणून पाहिले जाते, आणि तो तसा आहेच. पण मला त्यातली दुसरी गोष्ट अधिक बोलकी वाटते. बिघाड एका निसटलेल्या वायरीएवढा होता आणि तो पाहण्यासाठी बॉनेटखाली वाकण्यापलीकडे कोणतेही साधन लागत नव्हते. ज्यांनी क्रमाने पाहिले त्यांना ती वायर सापडली. ज्यांनी भागांची नावे घ्यायला सुरुवात केली त्यांनी बिल फुगवले. स्कॅनर अजून कुणाच्या स्वप्नातही नव्हता, तरी क्रम सोडून भाग बदलण्याची सवय तेव्हाही होती. आजच्या गैरप्रकारांचे खापर केवळ संगणकावर फोडणारे हे विसरतात.

आता दुसऱ्या परंपरेचा उगम. तो गॅरेजात झालाच नाही, लॉस एंजेलिसच्या आकाशात झाला. डोळे चुरचुरवणारे तिथले धुरके मोटारींच्या धुरावर ऊन पडून तयार होते, हे आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात दाखवून दिले. त्यातून कॅलिफोर्नियाचे हवा मंडळ उभे राहिले, धुराचे नियम आले, आणि ते पाळता यावेत म्हणून इंधन आणि ठिणगी या दोन्हींचा ताबा कंपन्यांनी हळूहळू संगणकाकडे दिला. जनरल मोटर्सने १९८१ मध्ये आपल्या मोटारींत असा संगणक सर्रास बसवला. त्याच्याशी बोलण्याची रीत तेव्हा साधी होती: ठरलेल्या दोन पिना कागदाच्या क्लिपने जोडायच्या आणि डॅशबोर्डवरच्या दिव्याची उघडझाप मोजायची. एकदा लुकलुक, थोडा विराम, मग दोनदा, म्हणजे १२. यंत्रणा जागी आहे, पण इंजिन फिरत असल्याची खूण मिळत नाही, असा त्याचा अर्थ. पुढे कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मोटारींपासून अशी स्वयंतपासणी सक्तीची केली, १९९० च्या स्वच्छ हवा कायद्यातील दुरुस्तीने ती देशभर नेली, आणि १९९६ पासून प्रत्येक कंपनीला एकच सॉकेट आणि एकाच पद्धतीचे कोड द्यावे लागले. त्या कायद्याने आणखी एक मोठे काम केले. धुराशी संबंधित दुरुस्तीची माहिती कंपनीने बाहेरच्या गॅरेजांनाही दिली पाहिजे, असे त्याने बजावले. हा लोकांच्या हिताचा निर्णय होता आणि त्याचे मोल मी कमी लेखत नाही.

पण कायदा ज्यासाठी केला, यंत्र तेच पाहते. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागण्याची मूळ कसोटी मोटारीचा धूर मर्यादेच्या साधारण दीडपट वर जाण्याची शक्यता ही आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, पेट्रोलच्या वाफा अडवणारी यंत्रणा यांच्या चाचण्या इंजिन चालू असताना, गाडी रस्त्यावर धावत असतानाच पूर्ण होतात. जे इंजिन सुरूच होत नाही ते धूरही सोडत नाही, आणि त्यामुळे या पहारेकऱ्याला सांगण्यासारखे फारसे काही नसते. दुरुस्तीनंतरच्या बिघाडांची यादी मनात आणून पाहा. बॅटरीचा क्लॅम्प नीट आवळलेला नाही, गिअरबॉक्स उतरवताना सोडलेला अर्थिंगचा पट्टा परत लावलेला नाही, कामासाठी काढलेला फ्यूज ट्रेमध्येच राहिला आहे, पेट्रोल पंप फिरत नाही. यांतल्या बहुतेकांसाठी अनेक गाड्यांत कोडच उमटत नाही. स्कॅनर ‘बिघाड नाही’ असे सांगतो आणि ते त्याच्यापुरते खरे असते.

अर्थिंगच्या पट्ट्याचेच उदाहरण घेऊ. सेल्फ फिरताना शंभराहून अधिक अँपिअरचा करंट ओढतो आणि तो सगळा इंजिनातून बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत जावा लागतो. पट्टा सुटलेला किंवा गंजलेल्या पृष्ठभागावर आवळलेला असेल तर सेल्फ नुसता ‘टक्’ करतो किंवा कण्हत फिरतो. हे शोधायला साध्या मल्टिमीटरने भागते. एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर, दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि कुणीतरी चावी फिरवायची. काटा अर्ध्या व्होल्टच्या आत राहिला तर परतीची वाट मोकळी आहे. दोन-तीन व्होल्ट दिसले तर तेवढा जोर वाटेतच खर्च होतो आहे. त्याच वेळी बॅटरीची टोके पाहावीत. विश्रांतीत १२.६ व्होल्ट दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर आधी तीच तपासावी. प्लग इंजिनाला टेकवणाऱ्या मिस्त्रीचीच ही रीत आहे, फक्त ठिणगीच्या जागी आकडा आला.

यावर पहिला आक्षेप रास्तपणे येईल. आजचा स्कॅनर फक्त धुराचे कोड दाखवत नाही. कंपन्यांचे स्वतःचे कोड असतात, चालू आकडे दिसतात, आणि टायमिंग बेल्टच्या कामानंतर उमटलेला पी ००१६ हा कोड क्रँक आणि कॅम यांचा मेळ चुकल्याचे थेट सांगतो. हे सगळे मान्य आहे. उलट मी म्हणेन की सेल्फ मारत असताना स्कॅनरवर इंजिनाच्या फेऱ्यांचा आकडा पाहणे ही या काळातली सर्वांत उपयोगी चाचणी आहे. इंजिन डोळ्यांदेखत फिरते आहे आणि आकडा शून्यच राहतो, तर क्रँक सेन्सरची खूण संगणकापर्यंत पोहोचत नाही हे जवळपास नक्की. पण पुढे काय? पी ०३३५ हा कोड क्रँक सेन्सरच्या सर्किटबद्दल आहे. सर्किटमध्ये सेन्सर येतो, वायर येते, कनेक्टर येतो आणि संगणकही येतो. दुरुस्ती न झालेल्या गाडीत सेन्सर गेला असण्याचा संभव मोठा. कालच क्लचचे काम झालेल्या गाडीत मात्र गिअरबॉक्सजवळचा तोच कनेक्टर अर्धवट बसला असण्याचा संभव त्याहून मोठा. कोड दोन्हीकडे एकच आहे, अर्थ वेगळा निघतो, आणि तो वेगळा करणारी माहिती सॉकेटात नसते, काम केलेल्या माणसाकडे असते. कोड ही साक्ष आहे. साक्षीदाराने नेमके काय पाहिले हे त्याला विचारणारा माणूस लागतोच.

दुसरा आक्षेप तर्कशास्त्राचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. दुरुस्तीनंतर बिघाड झाला म्हणून तो दुरुस्तीमुळेच झाला असे कसे म्हणावे? जुन्या गाडीची बॅटरी योगायोगाने त्याच दिवशी मरू शकते. टेक्सासच्या उन्हाळ्यात बॅटऱ्या लवकर खलास होतात, आणि चार दिवस दारे उघडी टाकून, दिवे पेटते ठेवून गॅरेजात उभ्या असलेल्या गाडीची तर हमखास. शेवटी जिथे हात लागला तिथेच बोट दाखवले तर निरपराध मेकॅनिक बदनाम होईल. आक्षेप योग्य आहे, पण तो दोष कुणाला द्यायचा या प्रश्नावर लागू पडतो. आधी कुठे पाहायचे या प्रश्नावर तो लागू पडत नाही. उघडलेल्या जागा पुन्हा पाहायला फार तर पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि पैसा जवळपास लागत नाही. तिथे काही सापडले नाही तर योगायोगाची शंका पुढे आणायला आपण मोकळे होतो. शिवाय दहा वर्षे उष्णतेत भाजलेल्या कनेक्टरचे प्लॅस्टिक ठिसूळ झालेले असते. हात लागताच त्याची कडी तुटते, आणि यात काम करणाऱ्याचा हलगर्जीपणा असतोच असे नाही. आधुनिक गाडीत हात लागणे आणि बिघाड होणे यांचे नाते पूर्वीपेक्षा घट्ट झाले आहे, कारण जोडण्यांची संख्या कितीतरी वाढली. त्यात चावीचा मामला आला. १९९० च्या दशकापासून गाड्यांत चोरी रोखणारे इमोबिलायझर बसू लागले, आणि संगणक किंवा कुलूप बदलल्यावर चावीची नव्याने नोंद केली नाही तर इंजिन क्षणभर धडधडते आणि बंद पडते, किंवा सेल्फच लागत नाही. यांत्रिक दृष्ट्या त्या गाडीत काहीही बिघडलेले नसते.

तिसरा आक्षेप पैशाचा. अमेरिकेत मजुरी इतकी महाग की तासभर शोधण्यापेक्षा संशयित भाग बदलून टाकणे स्वस्त, असे सांगितले जाते. हिशेब नीट मांडला तर तो उलटा पडतो. तिथल्या बऱ्याच गॅरेजांत मेकॅनिकला ‘फ्लॅट रेट’ने, म्हणजे पुस्तकात त्या कामासाठी लिहिलेल्या तासांप्रमाणे पैसे मिळतात. भाग बदलण्याचे तास पुस्तकात असतात, विचार करण्याचे क्वचित असतात. त्यामुळे व्यवस्थाच भाग बदलण्याकडे ढकलते आणि ग्राहक सेन्सर, मग पंप, मग संगणक अशा तीन अंदाजांचे पैसे भरतो. निदानासाठी स्वतंत्र पैसे मागणारा मेकॅनिक आपल्या लोकांना महाग वाटतो, ‘नुसते बघायचे एवढे पैसे?’ असे अनेकांच्या ओठावर येते. माझ्या मते तोच सर्वांत स्वस्त असतो, आणि त्याला ते पैसे विनातक्रार द्यावेत.

फ्रिस्को ज्या कॉलिन आणि डेंटन परगण्यांत पसरले आहे, तिथे याच सॉकेटचा दुसरा उपयोग बहुतेक गाडीमालकांच्या वाट्याला येतो. टेक्सासने १ जानेवारी २०२५ पासून खाजगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणी रद्द केली, पण या परगण्यांत धुराची तपासणी चालूच आहे आणि ती या सॉकेटातूनच होते. बॅटरी सोडली किंवा स्कॅनरने कोड पुसले की संगणकातल्या स्वयंतपासण्यांची नोंदही पुसली जाते. २००१ किंवा त्यानंतरच्या गाडीत अशा एकाहून अधिक तपासण्या अपुऱ्या असतील तर धुराची परीक्षाच घेतली जात नाही. आधी काही दिवस गाडी नेहमीसारखी चालवावी लागते. न उचलणाऱ्या गाडीचे कोड ‘बघू, जातात का’ म्हणून पुसणाऱ्याचे त्यामुळे दुहेरी नुकसान होते. बिघाडाचा माग जातो, आणि गाडी चालू झाल्यावरही नोंदणीच्या नूतनीकरणाचा कागद लांबतो.

तेव्हा दुरुस्तीहून आलेली गाडी अंगणात अडून बसली तर टो करणाऱ्याला फोन लावण्याआधी गॅरेजची पावती हातात घ्या आणि त्यावर लिहिलेल्या प्रत्येक कामासाठी काय काय सोडावे लागले असेल ते मेकॅनिकला विचारून त्याखाली लिहून काढा. सेल्फ फिरतो की नुसता टक् करतो, फिरतो तर जोमाने की कण्हत, क्षणभर सुरू होऊन बंद पडते की मुळीच नाही, डॅशबोर्डवर चावीचे चिन्ह लुकलुकते का, हे चार शब्दांत टिपा. कोड वाचून घ्या, कागदावर उतरवा, पण पुसू देऊ नका. हा कागद मेकॅनिकच्या हातात द्या आणि स्कॅनर लावण्याआधी तो वाचायला सांगा.